लोडशेडिंगमध्ये टिकेल असा हीटसिंक

भुसावळला जामनेर रोडवर मामांचा फोटो स्टुडिओ होता. 2005 साली मी तिथे लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करायचो. मिनी-डीव्हीची एक तासाची कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवली की 13 जीबी जागा खाते, आणि एका लग्नाच्या तीन-चार कॅसेटी ठरलेल्या. त्या कापायच्या, गाणी लावायची, मग डीव्हीडीसाठी एमपेग-2 करायला लावायचं आणि शटर ओढून घरी जायचं. ड्युरॉन प्रोसेसरच्या आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते काम रात्रभर चालायचं. सकाळी शटर उघडावं तर पट्टी 94 टक्क्यांवर थिजलेली, माउस हलत नाही, आणि नवऱ्या मुलाचे वडील पायरीवर येऊन बसलेले.

मामांनी होळीच्या आधी दहा हजार रुपये हातावर ठेवले. "यात बसवून दे भो. आखाजीच्या आधी चालू पायजे मले." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर आमच्याकडे किती लग्नं असतात हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

दहा हजारांत नवं ॲथलॉन 64 प्रोसेसर येणं शक्य नव्हतं. मी ठरवलं ते लॅपटॉपचं प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये टाकायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे साधा हिशोब होता. बार्टन कोरचं (कोर म्हणजे प्रोसेसरचा सिलिकॉनचा गाभा) डेस्कटॉपचं ॲथलॉन एक्सपी 2500+ हे 1.65 व्होल्टवर 1833 मेगाहर्ट्झला चालतं आणि 68 वॉट उष्णता टाकतं. त्याच कोरचं मोबाइल भावंड, एक्सपी-एम 2500+, 1.45 व्होल्टवर 1867 मेगाहर्ट्झला चालतं आणि 45 वॉटांत भागवतं. म्हणजे त्यातला सिलिकॉन निवडक, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येईल असा. दुसरं म्हणजे 2003 च्या अखेरीस एएमडीने डेस्कटॉपच्या प्रोसेसरांचे मल्टिप्लायर (बोर्डाच्या मूळ ठोक्याला, म्हणजे बसला, ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा) कुलूपबंद करून टाकले होते. लॅपटॉपच्या प्रोसेसरला बॅटरी वाचवायला चालता चालता मल्टिप्लायर बदलावा लागतो, त्यामुळे त्यांचं कुलूप कंपनीला लावता येत नव्हतं. आणि सॉकेट तेच, सॉकेट ए. तेवढ्या फटीतून आमच्यासारखे फुकटे आत शिरले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून प्रोसेसर आणि वापरलेला एबिटचा एनएफ7-एस बोर्ड आणला. प्रोसेसर आला तो प्लास्टिकच्या चपट्या डबीत, नुसता. पेटीबंद प्रोसेसरबरोबर पंखा यायचा, याच्याबरोबर काही नाही. लॅपटॉपवाला आपापलं बघून घेतो, असं गृहीत. मग त्या नखाएवढ्या काळ्या चौकोनावर ठेवायचं काय, हा प्रश्न इथे सुरू झाला आणि पुढचे दोन महिने सुटला नाही.

पहिल्यांदा ड्युरॉनचाच जुना ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा, चढवला. बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) प्रोसेसरची ओळखच पटेना, त्याने आपला 800 मेगाहर्ट्झला सुरू केला. हाताने आकडे भरले तेव्हा मूळ वेगावर आला. रात्री खोलीतला पाण्याचा कूलर लावून प्राइम95 (प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन तपासणारा प्रोग्रॅम) चालवलं, तर कोर 60 अंश. वेग अजून एका मेगाहर्ट्झनेही वाढवला नव्हता.

मी त्याच आठवड्यात जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलो. दुकानदाराने एक सबंध तांब्याचा हीटसिंक दाखवला: लहानसा, जड, पात्या कंगव्यासारख्या दाटीवाटीने बसवलेल्या, वर 60 मिलिमीटरचा पंखा. "प्युअर कॉपर आहे दादा, याच्यावर काही नाही." तांबं पाहिलं की आपली माणसं विरघळतात. मीही विरघळलो.

तो बसवताना जे झालं ते आजही आठवलं की तळहाताला घाम येतो. सॉकेट ए चा हीटसिंक एका पोलादी पट्टीने सॉकेटच्या कानाला अडकतो. ती पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून खाली न्यायची. पट्टी जेवढी ताठ तेवढा हीटसिंक घट्ट, आणि तेवढीच हात घसरायची भीती. त्यात या प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचं झाकण नाही. कोर उघडा असतो, सुमारे 101 चौरस मिलिमीटर, आणि काचेसारखा ठिसूळ. चार कोपऱ्यांना फोमच्या चार टिकल्या असतात, हीटसिंक डगमगू नये म्हणून. माझा हात जोरात गेला, हीटसिंक एका बाजूला कलला, आणि 'टिक्' असा अगदी बारीक आवाज आला. उचलून पाहिलं तर कोराच्या कोपऱ्याचा मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा टवका उडाला होता. पुढचे पैसे मामांना कसे मागायचे, हा विचार करत मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग पुन्हा पेस्ट लावली, पुन्हा बसवलं, बटण दाबलं. चालू झालं. टवका फक्त कडेचा होता. मामांना ही गोष्ट मी चार वर्षांनी सांगितली.

एवढं करून तापमान 5 अंशांनी उतरलं. आणि तीन आठवड्यांत पुन्हा जसंच्या तसं. पंखा काढून पाहिला तर पात्यांच्या वरच्या कडांवर नमद्यासारखा थर. आमचा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि तिन्ही बाजूंना लाकडाच्या बारीक तंतूंची गवतासारखी जाळी. सुरुवातीला तो थंड हवेबरोबर तूस फेकतो, त्यात रस्त्यावरची धूळ, त्यात ओलावा. दाट पात्यांच्या तांब्याला हे सगळं गाळून घ्यायला फार आवडतं. शिवाय 60 चा पंखा दाट पात्यांतून हवा ढकलायची म्हणून इतका ओरडायचा, की गिऱ्हाईक विचारायचं, आत पीठ दळता का?

आमच्या गल्लीत दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका होते. संध्याकाळी ओट्यावर बसलेले असायचे. मी त्यांच्यापुढे तक्रार मांडली, "काका, तांब्याचा घेतला तरी 55 च्या खाली येत नाही."

ते म्हणाले, "खोलीत किती होतं?"

मी मोजलंच नव्हतं.

"मग 55 म्हणजे मी काय समजू? आमच्या कूलिंग टॉवरचं पाणी किती थंड होईल हे त्या दिवशीची हवा ठरवायची, टॉवर नाही. तुझ्या यंत्राचं टेंपरेचर मला सांगू नको. हवेपेक्षा किती वर, आणि किती वॉटाला, ते सांग."

एवढंच बोलून ते पेपरात शिरले. पण दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून साधा पाऱ्याचा थर्मामीटर आणून कॅबिनेटच्या आत दोऱ्याने टांगला. ताप मोजायचा नव्हे, भिंतीवर लावायचा. मग वहीत मांडणी केली. जुना ॲल्युमिनियमवाला पुन्हा चढवून पाहिला: कॅबिनेटच्या आतली हवा 38, कोर 60, फरक 22. प्रोसेसर 45 वॉटचा. म्हणजे दर वॉटला साधारण अर्धा अंश. 45 वॉट हा कागदावरचा आकडा आहे, प्रत्यक्षात कमी-जास्त होत असेल, पण एका हीटसिंकची दुसऱ्याशी तुलना करायला पुरतो.

दुसरा आकडा हवा होता तो वाढवलेल्या वेगाचा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मला 2400 मेगाहर्ट्झ हवे होते, त्यासाठी 1.65 व्होल्ट लागतील असा अंदाज. वेग 1.29 पट, व्होल्टेजचा वर्ग 1.29 पट, दोन्ही गुणले की 1.66 पट. 45 चे झाले 75 वॉट. जुन्या हीटसिंकवर 37 अंशांचा फरक. मे महिन्यात कॅबिनेटात 47 धरा. 84 अंश. इतकं तापलेलं बार्टन 2400 ला शुद्धीत राहत नाही.

जगभरचे लोक हीटसिंक वीस-बावीस अंशांच्या खोलीत तपासतात आणि '45 अंश' असं छापतात. ते आपण भुसावळला वाचतो आणि 45 पाहून खूश होतो. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश रस्त्यावर असतात.

आता हवं काय ते कळलं: दर वॉटला 0.3 अंशाच्या आसपास. आणि पात्या अशा, की तूस अडकलं तरी ब्रशने निघेल. नजर झालमनच्या सीएनपीएस 7000 वर गेली. पातळ पत्रे मध्ये घट्ट आवळून बाहेर फुलासारखे पसरवलेले, मध्यभागी 92 मिलिमीटरचा पंखा. पात्या बाहेरच्या कडेला मोकळ्या, आणि मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. हवा खाली जाऊन आजूबाजूला पसरते, म्हणून सॉकेटच्या शेजारचे व्होल्टेज पुरवणारे मॉस्फेटही गार राहतात. व्होल्टेज वाढवलं की तेही तापतात, आणि याचा विचार कुणी करत नाही.

त्यात दोन प्रकार. सबंध तांब्याचा 773 ग्रॅम, आणि तांबं-ॲल्युमिनियम मिश्र 445 ग्रॅम. (भुसावळ ते मुंबई रेल्वेचं अंतरही साधारण तेवढेच किलोमीटर. मी हा शकुन मानला.) तांबं ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट वेगाने उष्णता वाहतं, पण वजनाला तिप्पटीहून जड. सॉकेट ए साठी एएमडीने हीटसिंकचं वजन 300 ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे मिश्र प्रकारसुद्धा मर्यादेबाहेर होता, तांब्याचा तर अडीच पट. हे दोन्ही कानाला अडकत नाहीत, बोर्डाला सॉकेटभोवती चार भोकं असतील तर तिथे स्क्रूने बसतात, त्यामुळे कान तुटायची भीती नव्हती. तरी बोर्ड कॅबिनेटात उभा असतो आणि पाऊण किलोचा गोळा त्याला आडवा लटकतो. आमचं मशीन लग्नसराईत स्टुडिओतून घरी आणि घरून स्टुडिओत लुनावर यायचं-जायचं. जामनेर रोडचे खड्डे कोणत्याही कंपनीने चाचणीत धरलेले नसणार. शिवाय गोलाणीतल्या तांब्याने मला शहाणं केलं होतं. मिश्र घ्यायचं ठरलं.

उरला प्रश्न मावेल का. या फुलाचा व्यास 109 मिलिमीटर, उंची 62. एनएफ7 वर सॉकेट वरच्या कडेला आहे आणि त्याच्या लगेच वर पॉवर सप्लाय. चार भोकं होती, ते आधीच पाहिलं होतं. एका जाड लग्नपत्रिकेतून 11 सेंटिमीटरची चकती कापली, सॉकेटवर धरली आणि सगळीकडून फिरवून पाहिली. एका कपॅसिटरच्या डोक्यावरून ती जेमतेम गेली, पॉवर सप्लायला दोन बोटं जागा राहिली. पत्रिकेवरचा गणपती नेमका कोराच्या जागी आला होता. मामांनी ते पाहून हात जोडले.

पंजाब मेलने मुंबईला जाऊन 2200 रुपयांना तो आणला. दुकानदार सारखा "एकदम सायलेंट आहे" म्हणत होता. पंख्याचा वेग कमी-जास्त करायचं एक बटण बरोबर यायचं, ते त्याने मोठ्या कौतुकाने फिरवून दाखवलं. मी ते घरी येऊन पूर्ण वेगावर नेलं आणि पुन्हा हात लावला नाही. ज्या खोलीत कूलर धडधडतोय तिथे पंख्याची कुजबूज कोण ऐकतो?

बसवायला बोर्ड सगळा बाहेर काढावा लागला, पण पट्टी आणि स्क्रू-ड्रायव्हरचा झगडा नव्हता. दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा आवळायचे, सायकलच्या चाकासारखे, म्हणजे कोरावर एकीकडून दाब येत नाही. पेस्ट यावेळी तांदळाच्या दाण्याएवढीच. आधी मी पोळीला तूप लावल्यासारखी थापत होतो. मामा बाजूला उभे राहून म्हणाले, "इतकं मोठं कमळ कायले आणलं रे? देवीले वाहायचं का?"

त्या रात्री कूलर चालू, कॅबिनेटात 38. मोह आवरला नाही. 200 चा बस, मल्टिप्लायर 12.5, 1.75 व्होल्ट. 2500 मेगाहर्ट्झ. हिशोबाने 88 वॉट. सहा तास प्राइम95, कोर 64. फरक 26 अंश, दर वॉटला 0.3. वहीतलं गणित आणि पडद्यावरचा आकडा जुळला तेव्हा एकटाच हसलो. रात्रभराचं काम आता पाच तासांवर आलं.

आखाजी पार पडली. मे च्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, मशीन उभ्या उभ्या गोठलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनलाच. मला वाटलं व्होल्टेज कमी पडतंय, म्हणून 1.8 केलं. तिसऱ्या दिवशी पावणेतीनलाच गोठलं. आगीत तेल दुसरं काय.

कारण शोधायला तिसऱ्या दिवशी मी तिथेच ठाण मांडून बसलो, तर अडीचला वीज गेली. लोडशेडिंग. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. त्यावर कॉम्प्युटर आणि एक ट्यूबलाइट चालायची. कूलर चालत नव्हता. खोली बंद, पत्र्याचं छप्पर, पंधरा मिनिटांत खोली 41 आणि कॅबिनेट 47. मशीन मात्र इन्व्हर्टरच्या जोरावर 88 वॉट ओकतंय. 47 अधिक 26, म्हणजे 73. मी सगळ्या चाचण्या रात्री कूलरपुढे बसून केल्या होत्या. आमच्या कोरड्या हवेत कूलर खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. मी हीटसिंक निवडला खरा, पण अर्धं काम ज्याने केलं होतं तो बाहेरच्या खिडकीत पाणी पीत उभा होता, आणि त्याचं बिल मी झालमनच्या नावावर मांडत होतो.

मग उलटी चाचणी केली. भर दुपारी तीन वाजता कूलर मुद्दाम बंद केला, खिडकी लावली आणि प्राइम95 सुरू केलं. मामा म्हणाले, "वीज आहे अन् कूलर बंद? डोकं तापलं का तुझं?" मग तेही बनियनवर येऊन समोर बसले, हातात पुठ्ठा. मी मल्टिप्लायर अर्ध्या-अर्ध्याने खाली आणत होतो आणि प्रत्येक पायरीला व्होल्टेज कुठवर उतरतं ते पाहत होतो. 12 वर 1.65: वीस मिनिटांत चूक. 11.5 वर 1.6: अर्धा तास, एक तास, दोन तास. कोर 68 वर जाऊन थांबला तो थांबलाच. माठातलं अर्धं पाणी आम्ही दोघांनी संपवलं होतं.

2300 मेगाहर्ट्झ, 1.6 व्होल्ट, साडेसदुसष्ट वॉट. 2500 च्या तुलनेत वेग 8 टक्क्यांनी कमी, उष्णता जवळपास पाऊण पट. पाच तासांच्या कामाला सव्वीस-सत्तावीस मिनिटं जास्त. मामांना मी हे टक्क्यांत सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे चहा पिऊन येऊ तितकंच ना?"

काका तेव्हा ओट्यावरच होते. त्यांना वही दाखवली. त्यांनी आकडे पाहिले, मान हलवली आणि विचारलं, "पावसाळ्यात दमट हवेला कूलर काम देणार नाही. तेव्हाचं पान कुठंय?"

ते पान मृगानंतर भरलं, थंडीचं दिवाळीनंतर. शेवटी मामांनी कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला, स्टुडिओच्या लेटरहेडचा. होळी ते मृग: 11.5, 1.6. मृग ते दिवाळी: 12, 1.65. दिवाळी ते होळी: 12.5, 1.75. त्याखाली त्यांच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती, जी मी सांगितलेली नव्हती: 'कमळ ब्रशने झाडणे, दर अमावास्या.' दुकानाला लिंबू-मिरची बांधायच्या दिवशी ते झाकण उघडायचे, निगेटिव्ह पुसायचा मऊ ब्रश घ्यायचे आणि एकेक पाती मोजल्यासारखी झाडायचे.